कल्याणचं दान, जुन्नरचा डोंगर

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला रोज कितीतरी माणसं पायऱ्या चढतात. गणपतीचं देऊळ आहे ते सातव्या लेण्यात, म्हणजे मुळात बौद्ध भिक्खूंच्या विहारात. शेजारच्या सहाव्या लेण्यात मात्र फार थोडे जण डोकावतात. ते चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह आहे, आत दगडी स्तूप आहे आणि दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीतला एक छोटासा लेख. तो सांगतो की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने दान दिलं. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार.

कल्याण खाडीकाठचं बंदर आणि जुन्नर घाटमाथ्यावरचं गाव. मधे सह्याद्रीचा कडा. कल्याणच्या माणसाने एवढा पैसा इकडे का ओतला?

पुरातत्त्वज्ञाला अशा लेखांत रस्ता सापडतो. बैलांच्या पायवाटेचे अवशेष उकरून काढता येत नाहीत. दोन हजार पावसाळ्यांत ती केव्हाच वाहून गेलेली असते. पण दात्याचं गाव आणि दानाची जागा हे नकाशावरचे दोन पक्के ठिपके असतात. कल्याण आणि जुन्नर जोडायला गेलं की रेघ नाणेघाटातून जाते. तिथे खडक फोडून काढलेली खिंड आहे, पाण्याची टाकी आहेत, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे आणि सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेली गुहाही आहे. तिथले राजघराण्याचे पुतळे गेले, वर कोरलेली नावं तेवढी उरली. कोकणातल्या कुड्याच्या लेण्यांतही असाच दूरचा दाता भेटतो. मांदाडच्या खाडीलगतच्या त्या डोंगरात दान देणारा एक लोखंडाचा व्यापारी कऱ्हाडचा आहे. म्हणजे आणखी एक घाटवाट हाती लागली.

हे लेख वाचायला आपल्याला ज्यांनी शिकवलं त्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांचं नाव फार वरचं. जुनागढचा हा माणूस मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम करू लागला आणि लेणी, घाट पायी पालथे घालत त्याने शिलालेखांचे ठसे घेतले. 1882 मध्ये भगवानलालांनी नालासोपाऱ्याचा ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचा ढिगारा खणला. तो स्तूप निघाला. पोटात दगडी पेटी, तीत तांब्याचा करंडक आणि भोवती कांस्याच्या आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि अगदी आत सोन्याचा करंडक. त्यात मातीच्या भांड्याचे 13 तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत असं भगवानलालांना वाटलं. पेटीत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही होतं. मूर्ती नाण्याहून काही शतकांनी अलीकडच्या आहेत, तेव्हा स्तूप मधे केव्हातरी उघडून पुन्हा श्रद्धेने बंद केला गेला असणार. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाने आपल्या किनाऱ्यावरची बंदरं नोंदवताना सोपारा आणि कल्याण ही दोन्ही नावं लिहून ठेवली आहेत.

पण भिक्खूंचा आणि व्यापाराचा संबंध नेमका कसा होता, हे मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते नाशिकच्या पांडवलेण्यात, दहाव्या लेण्यातल्या लेखात. क्षत्रप घराण्यातला राजा नहपान याचा जावई उषवदात याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे, 3000 कार्षापणं (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यांतली 2000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा 1 व्याजाने. उरलेली 1000 दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर, राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी (भिक्खूंच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा कार्षापणं द्यायची.

आता हिशेब करून बघा. 2000 वर महिना 20, म्हणजे वर्षाला 240. वीस भिक्खू गुणिले बारा, बरोबर 240. एक कार्षापणही इकडेतिकडे नाही! मूळ शब्दही ऐकण्यासारखे आहेत: ‘वीसाय’ म्हणजे वीस जणांना, ‘बारसक’ म्हणजे बाराचं. हे आपलेच वीस आणि बारा, दगडात कोरलेले. ‘लेण’ हा शब्दही त्याच लेखात आहे.

या एका व्यवहारात विणकरांना सूत घ्यायला भांडवल मिळतं, भिक्खूंना वस्त्रं मिळतात आणि दात्याला पुण्य. श्रेणी बुडाली तर लेण्यातली वस्त्रंही थांबणार, म्हणून हा करार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला गेला आणि त्याची रीतसर नोंद झाली. लेणी म्हणजे जगापासून दूर, एकांतात कोरलेल्या गुहा, असं आपण सहज म्हणतो. मला ते पटत नाही. भिक्षा मागून आणण्याइतकी वस्ती आणि रहदारी जवळ हवीच होती.

ही वाट कुठवर पोचत होती? इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचं रोमनकालीन बंदर आहे. तिथल्या इसिस देवीच्या मंदिरात 2022 मध्ये उत्खनन करताना संगमरवराची बुद्धमूर्ती सापडली. त्याच मंदिरात दोन सातवाहन नाणीही होती. त्या समुद्राची इकडची बाजू म्हणजे आपलीच सोपारा-कल्याणची किनारपट्टी.

व्यापारी लहानही होते. सगळ्यांना अख्खं चैत्यगृह परवडणारं नव्हतं. कान्हेरीच्या एका लेखात कल्याणचा सामिदत नावाचा सुवर्णकार भेटतो. त्याने दिली ती ‘पानीयपोढी’, पिण्याच्या पाण्याचं एक टाकं. घाटात भटकणारे ट्रेकर आजही अशा टाक्याला पोढीही म्हणतात. जूनमध्ये कान्हेरीला गेलात तर डोंगराच्या उतारावर कोरलेल्या बारीक पन्हळी बघा, पहिल्या जोराच्या सरीला त्यांतून पाणी पोढ्यांत उतरायला लागतं.