फ्लुओपायरम की फ्लुएन्सल्फोन? नावं जवळची, कामं वेगळी

मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमी म्हणजे मातीतले सूक्ष्म जंत. त्यांच्यावरचं जुनं औषध फोरेट भारतात २०२० अखेर बंद झालं. दुसऱ्या जुन्या औषधाचं, कार्बोफ्युरानचंही २०२३ पासून ३ टक्क्यांचं एक दाणेदार रूपच उरलं. आता टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्या की कृषी सेवा केंद्रात दोन नावं ऐकू येतात: फ्लुओपायरम (वेलम प्राइम) आणि फ्लुएन्सल्फोन (निमिट्झ). ‘एक नसेल तर दुसरं न्या’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

फवारणाऱ्या, हाताळणाऱ्या माणसासाठी दोन्ही जुन्यांपेक्षा खूपच सौम्य, हे खरं. उंदराच्या पोटात कार्बोफ्युरान वजनाच्या किलोमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास गेलं तरी जीव जातो. फ्लुएन्सल्फोन त्यासाठी सुमारे ६७० मिलिग्रॅम लागतं, फ्लुओपायरम २००० हून जास्त.

फ्लुओपायरम मुळात बुरशीनाशक. सूत्रकृमीच्या पेशीत ऊर्जा तयार होण्याची क्रियाच ते अडवतं. सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारी पिल्लं काही तासांत सुईसारखी ताठ होताना दिसतात. पण मात्रा कमी असेल आणि तीच पिल्लं स्वच्छ पाण्यात धुतली, तर बरीच पुन्हा वळवळू लागतात. ती मेलेली नसतात, लुळी पडलेली असतात. शिवाय हे औषध मातीतल्या सेंद्रिय कर्बाला चिकटतं, खोल उतरत नाही. म्हणून आळवणीचं (मुळाशी ओतलेलं) किंवा ठिबकचं औषधाचं पाणी थेट पांढऱ्या मुळांच्या पट्ट्यातच पडायला हवं.

फ्लुएन्सल्फोनचा मार खाल्लेली सूत्रकृमी सावरत नाही. आधी तिचं खाणं थांबतं, मग एक-दोन दिवसांत ती मरते. ते पाण्यात कितीतरी जास्त विरघळतं, त्यामुळे ओलीबरोबर मातीत पसरतं. मात्र कोवळ्या रोपाला ते बाधू शकतं. लागवडीच्या निदान आठवडाभर आधी औषधाचे दाणे मातीत नीट मिसळून पाणी द्यायचं. रोपं लावल्यावर आठवण झाली, तर बुंध्याशी दाणे टाकण्याचा मोह टाळा.

जमिनीचा विचार केला तर ‘सुरक्षित’ शब्द जपून वापरावा लागतो. फ्लुओपायरम मातीत महिनोन्महिने टिकतं, आणि त्याच्या विघटनातून ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल हे सहज न मोडणारं रसायन तयार होऊन भूजलात उतरतं. याच कारणाने डेन्मार्कने २०२५ मध्ये ते असलेल्या औषधांच्या परवानग्या मागे घेतल्या. गाठींचा जुना त्रास असलेलं रान रिकामं असेल, तर मी फ्लुएन्सल्फोनच घेईन. फ्लुओपायरम हंगामात एकदाच, लागवडीच्या वेळी. डाळिंब, द्राक्षासाठी आधी लेबलवर आपलं पीक आहे का ते पाहा.