घासून आणू नका : वारशाने आलेली जुनी रायफल दुकानात आणण्याआधी एवढं वाचा

राम राम. आजोबा-पणजोबांची शिकारीची रायफल किंवा दोन नळीची बारा बोअर साफसफाईला आणणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हा कागद छापला आहे. यातलं सगळं आम्ही फोनवर रोज सांगतो. तरीही महिन्यातून एक-दोन बंदुका अशा येतात, की पेटी उघडल्याबरोबर कळतं, घरी कोणीतरी आधीच हात मारलेला आहे.

आपल्या भागातल्या या बहुतेक बंदुका निजामाच्या राजवटीत देशमुख, जहागीरदार, पाटील घराण्यांनी घेतलेल्या. गौताळ्याचे डोंगर, अजिंठ्याची रांग, किनवटचं जंगल त्यांनी पाहिलेलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि या बंदुका गढीतल्या खोलीत, माळवदाखालच्या लाकडी पेटीत जाऊन पडल्या. मग वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पूजेपुरत्या बाहेर. पूजेच्या आदल्या दिवशी घरातला उत्साही माणूस बंदुकीवरचा तांबूस गंज बघतो आणि पॉलिश पेपर घेऊन बसतो. आमचं निम्मं काम या एका दुपारीमुळे वाढतं.

पॉलिश पेपरने नेमकं काय जातं, ते सांगतो. नळीवरचा निळसर काळा रंग हा वरून दिलेला रंग नसतो. तो लोखंडाचाच एक ऑक्साइड आहे, कारागिराने मुद्दाम चढवलेला. तांबडा गंज लोखंड खात आत जातो, हा काळा थर मात्र चिकटून राहतो आणि तेल धरून ठेवतो. पॉलिश पेपरला दोन्ही सारखेच. गंजाबरोबर काळा थर जातो, खालचं लोखंड उघडं पडतं, आणि पुढच्या पावसाळ्यात पहिल्यापेक्षा दुप्पट गंज चढतो. धारदार कडा गोल होतात. कारखान्याचं नाव, बोअर, नक्षी, सगळं पुसट होतं.

सगळ्यात महाग पडतो तो नंबर. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरची ओळखीची खूण मिटवणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे, आणि खूण नसलेली बंदूक विकणं किंवा दुसऱ्याला देणंही. तुम्ही चांगल्या मनाने घासलंत हे आम्हाला कळतं, पण परवान्यावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर जुळल्याशिवाय आम्ही बंदूक टेबलावर घेऊ शकत नाही. दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकाने वडिलांची ३७५ मॅग्नम आणली. भाच्याने मोटार गॅरेजच्या बफवर धरून ती ताटासारखी चकचकीत केली होती. नंबरातले शेवटचे दोन आकडे भिंगाखालीही वाचता येईनात. काम आमचं आठ दिवसांचं होतं. ग्राहकाचे चार महिने परवाना शाखेच्या चकरांत गेले. नंबर पुन्हा ठोकून द्या, असं काही जण म्हणतात. ते आम्ही कधीच करत नाही, कोणासाठीही नाही.

इंग्लिश बंदुकांवर नंबराशिवाय आणखी बारीक छाप असतात, मुकुटाखाली अक्षरं असलेले. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये ती नळी जादा दाबाने तपासली गेली, याची ती साक्ष. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासूनचं आहे. नळी फक्त काळ्या दारूसाठी आहे की आजच्या बिनधुराच्या दारूलाही पास झालेली आहे, हे आम्ही त्या छापावरून वाचतो. छाप घासला गेला की ते सांगायला कोणी उरत नाही. मग आम्हाला सावध बाजूने जाऊन बार उडवू नका असंच सांगावं लागतं.

चिंच-राख, लिंबू-मीठ, भांडी घासायची पावडर, हेही नको. आंबट पदार्थ गंजाच्या खड्ड्यांत मुरतो आणि धुतल्यावरही काम करत राहतो. मीठ तर हवेतलं पाणी ओढून घेतं. पूजेचं ओलं हळदीकुंकू नक्षीत तसंच राहिलं, तर वर्षभरात तिथे गंजाचा ठिपका दिसतोच. पूजा जरूर करा. कुंकवाचं बोट दस्त्याच्या लाकडावर लावा आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

तेलाबद्दल खास आपल्या भागासाठी. घरात करडईचं तेल असतं म्हणून बोल्टमध्ये, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यात, करडईचं तेल सोडतात. करडई आणि जवस ही सुकणारी तेलं आहेत, रंग-वॉर्निशमध्ये ती त्याच गुणासाठी वापरतात. हवा लागली की त्यांचा पातळ, चिकट पापुद्रा होतो. पाच-सात वर्षांनी बोल्ट वॉर्निशने चिकटवल्यासारखा बसतो, आणि मग कोणीतरी त्याला हातोडी लावतो. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे आपल्या हिवाळ्यात फायरिंग पिनच्या स्प्रिंगवर त्याचं लोणी. घरात काहीच नसेल तर शिलाई मशिनचं पातळ तेल चालतं. चिंधीवर दोन-तीन थेंब, धातूवर पुसट हात, बास. आमच्याकडे बंदुकीचं तेल छोट्या बाटलीत मिळतं. एक बाटली दोन-तीन वर्षं सहज पुरते.

आम्ही काय करतो, तेही सांगतो, कारण "एवढे दिवस कशाला?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो.

आधी बंदूक रिकामी आहे का ते पाहतो. मग स्क्रू. जुन्या बंदुकीच्या स्क्रूची खाच केसासारखी बारीक असते. घरातल्या पेचकसाने ती फाटते, म्हणून आमच्याकडे खाचेच्या मापाला घासून बसवलेले पेचकस आहेत. प्रत्येक स्क्रू ज्या भोकातला त्याच भोकात परत जातो. गंज उतरवायला आम्ही तेलात भिजवून, लोखंडापेक्षा मऊ धातू वापरतो. आमच्या आजोबांच्या वेळचा भोकाचा पैसा अजून टेबलावर आहे. तो ब्राँझचा, त्याच्या कडेने गंज सोलतो आणि खालचा काळा थर शाबूत राहतो. एक नळी सोलायला कधी पूर्ण दिवस जातो.

नळीच्या आतलं काम वेगळं. जुन्या काडतुसांच्या टोपीतला पोटॅशियम क्लोरेट उडाल्यावर आत एक क्षार सोडायचा. तो तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. म्हणून वरून चकाचक तेल दिलेल्या नळ्याही आतून खाल्लेल्या निघतात. आम्ही उकळतं पाणी ओततो, नळी गरम असतानाच कोरडी करतो, मग तेल. साफ करायचा गज नेहमी मागून घालायचा, तोंडाकडून नाही. नळीच्या तोंडाची कड गजाने झिजली तर गोळी सरळ जात नाही, आणि ती झीज भरून येत नाही.

काळा रंग पूर्ण गेलेला असेल तरच आम्ही तो नव्याने चढवतो, तोही जुन्या पद्धतीने. औषध लावून बारीक गंज आणायचा, नळी पाण्यात उकळायची, तांबड्याचा काळा झाला की तारेच्या लोकरीने हलक्या हाताने झाडायचा, पुन्हा औषध. सहा-आठ वेळा. आठ ते दहा दिवस लागतात. दुसरीकडे एका दिवसात काळी करून देतात, हे आम्हाला माहीत आहे. ते कॉस्टिक सोड्याच्या १४० अंशांच्या आसपासच्या गरम टाकीत बुडवतात. एका नळीच्या आधुनिक रायफलीला ते चालतं. दोन नळीच्या बंदुकीत मात्र दोन नळ्यांमधली पट्टी कथलाच्या डागाने, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या सांध्याने, बसवलेली असते. कॉस्टिक तो डाग खातो, पट्टी सुटते, नळ्या हलतात. अशा सुटलेल्या नळ्या आमच्याकडे आल्या आहेत आणि त्या पुन्हा जुळवणं हे महिन्याचं काम आहे. म्हणून दोन नळीवाल्यांना कितीही घाई असली तरी आमचं उत्तर आठ ते दहा दिवसच.

दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो. आपल्या उन्हाळ्यात लाकूड आटतं, पावसाळ्यात फुगतं, आणि मनगटाच्या जागी, म्हणजे दस्त्याच्या हाताने धरायच्या बारीक भागात, चीर जाते. त्यावर टचवूड किंवा पॉलिश मारू नका. दाबलेला खड्डा ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरवली की बराचसा वर येतो. वर्षानुवर्षं मुरून काळं पडलेलं तेल खडूच्या पुडीने ओढून काढतो. शेवटी जवसाचं तेल तळहाताने चोळतो, रोज एक हात. बोल्टमध्ये नको असलेला सुकण्याचा गुण इथे कामाला येतो.

"नव्यासारखी करून द्या" असं कोणी म्हटलं, तर आम्ही दोन मिनिटं बसवून चहा देतो आणि समजावतो. आजोबांच्या हाताने मनगटाशी झिजलेलं लाकूड, पट्ट्याने पडलेली रेघ, यावरून तर ती बंदूक तुमच्या घराची आहे. गंज थांबवणं, चाप-घोडा व्यवस्थित करणं, चिरा धरणं हे आमचं काम. झीज पुसणं आम्ही करत नाही.

कागदपत्रं. बंदुकीबरोबर मूळ परवाना आणा, त्याशिवाय आम्ही ती दुकानात ठेवून घेऊ शकत नाही. परवानाधारक वारले असतील तर बंदूक घरात ठेवून साफसफाईचा विचार करू नका. आधी ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, मग वारसाच्या नावे अर्ज. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यातच मोजली जाते. भावाभावांत वाटप करताना हे लक्षात असू द्या. बंदूक चालवायची नसून फक्त भिंतीवर लावायची असली तरी परवाना लागतोच. अर्जासोबत जोडायला बंदुकीचं बोअर, बनावट आणि नंबर यांची टिपणी आम्ही जुन्या ग्राहकांना मोफत लिहून देतो.

पेटीतून बंदूक काढाल तेव्हा तोंड माणसांकडे नको, ती भरलेली आहे असंच समजा. आत काडतूस अडकलेलं दिसलं तर ठोकू नका, गरम करू नका, गज घालून ढकलू नका. आधी फोन करा. बाकी कोरड्या सुती फडक्याने धूळ पुसा आणि तशीच, गंजासकट, घेऊन या. चामड्याच्या कव्हरात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. घरी परत नेल्यावर पहिले काही दिवस तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे जादा तेल दस्त्यात मुरणार नाही.

दसऱ्याआधीच्या पंधरवड्यात आमच्याकडे जागा नसते. पूजेला हवी असेल तर पोळ्याच्या आत आणून द्या, मधे चाळीस दिवस मिळतात. खर्चाचा अंदाज बंदूक उघडून पाहिल्यावर, काम सुरू करण्याआधी सांगतो. नुसतं पाहून सांगण्याचे पैसे घेत नाही.