चिंपँझी : दीर्घकालीन क्षेत्र-अभ्यास

चिंपँझी (पॅन ट्रोग्लोडायटिस) या शेपूट नसलेल्या आफ्रिकी कपीचे त्याच्या नैसर्गिक अधिवासात, ओळख पटलेल्या एकेका प्राण्याच्या नोंदी ठेवत वर्षानुवर्षे चाललेले निरीक्षण. मादीला पहिले पिल्लू साधारणपणे तेराव्या-चौदाव्या वर्षी होते आणि दोन पिल्लांत पाच ते सहा वर्षांचे अंतर असते. त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या मोहिमेत एका पिल्लाचे बालपणही पुरते पाहून होत नाही.

हेन्री निसेन यांनी १९३० मध्ये फ्रेंच गिनीत केलेली पाहणी काही महिन्यांपुरतीच होती. सलग अभ्यासाचा आरंभ सामान्यतः १४ जुलै १९६० हा मानतात. त्या दिवशी जेन गुडाल आजच्या टांझानियातील, टांगानिका सरोवराकाठच्या गोंबे येथे पोहोचल्या. त्याच सरोवराच्या काठी, दक्षिणेला महाले येथे तोशिसादा निशिदा यांनी १९६५ मध्ये काम सुरू केले. पुढे गिनीतील बोसू (१९७६), कोत दिव्वारमधील ताई (१९७९), युगांडाच्या किबाले अरण्यातील कान्यावारा व न्गोगो आणि सेनेगलमधील फोंगोली ही केंद्रे उभी राहिली.

हत्यारांचा वापर : नोव्हेंबर १९६० मध्ये गोंबेतील ‘डेव्हिड ग्रेबिअर्ड’ हा नर वारुळाच्या छिद्रात गवताची काडी घालून, तिला चावून धरलेली वाळवी ओठांनी टिपून खाताना दिसला. डहाळीची पाने ओरबाडून तिची काडी बनवतानाही चिंपँझी दिसले. म्हणजे हत्यार नुसते वापरले जात नव्हते, घडवलेही जात होते. बोसू येथे तेलताडाच्या बिया दगडी ऐरणीवर ठेवून दुसऱ्या दगडाने फोडतात. पिल्लू आईच्या पुढ्यात बसून पाहते, फुटलेल्या बीतला गर उचलते, रिकाम्या ऐरणीवर नुसताच दगड आपटते. बी, ऐरण आणि घाव यांचा मेळ त्याला तीन ते पाच वर्षांच्या सुमारास जमतो. आई मुद्दाम शिकवते असे क्वचितच दिसते, पण पिल्लाची लुडबुड ती मुकाट्याने सोसते, आणि शिकण्यासाठी तेवढे पुरते. सात केंद्रांच्या, एकूण १५१ वर्षांच्या निरीक्षणांची तुलना १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत काही समूहांत रूढ आणि काहींत अजिबात न आढळणारे ३९ वर्तनप्रकार नोंदले आहेत. त्यांना ‘संस्कृती’ म्हणावे का, यावर मतभेद आहेत. भूभाग व खाद्य सारखे असूनही प्रथा वेगळ्या आढळतात, हे पाहता तो शब्द अनाठायी वाटत नाही.

समूहांतील प्राणघातक संघर्ष : गोंबेतील कासाकेला समूहात साधारणपणे १९७१ ते १९७३ या काळात फूट पडली आणि दक्षिणेकडे कहामा हा वेगळा समूह झाला. जानेवारी १९७४ पासून कासाकेलाच्या नरांनी कहामाच्या नरांना एकेकटे गाठून मारले. १९७७ च्या अखेरीस तो समूह उरला नाही. महाले येथील के-समूहाचे प्रौढ नरही १९८० च्या आसपास एकामागून एक नाहीसे झाले, मात्र त्यांच्या मृत्यूंचे प्रत्यक्ष पुरावे अपुरे आहेत. हा हिंसाचार माणसाने ओढवला काय, हा वाद दीर्घकाळ चालला. गोंबेत केळी व महाले येथे ऊस घालून चिंपँझींना जवळ आणले गेले. त्यामुळे गर्दी व चढाओढ वाढली, असे मार्गारेट पॉवर यांनी १९९१ मध्ये मांडले. आक्षेप गंभीर होता आणि त्यामुळे खाद्य घालण्याच्या पद्धतीची कसून तपासणी झाली, हे मान्य करावे लागते. तथापि १८ समूहांची आकडेवारी एकत्र करून २०१४ मध्ये जे विवेचन झाले, ते या मताच्या विरुद्ध जाते. त्यातील १५२ हत्यांपैकी ५८ प्रत्यक्ष पाहिलेल्या, ४१ अनुमानित व ५३ संशयित आहेत, हा भेद विसरून चालणार नाही. हल्लेखोर बहुतेक नर होते, संख्येने बळींपेक्षा कितीतरी अधिक होते आणि मानवी हस्तक्षेपाशी हत्यांच्या प्रमाणाचा ठळक संबंध आढळला नाही. न्गोगो येथे खाद्य कधीच घातले गेले नव्हते. तेथील नरांनी दहा वर्षांत शेजाऱ्यांपैकी अनेकांना मारले आणि २००९ मध्ये त्यांचा प्रदेश सुमारे २२ टक्क्यांनी वाढला. प्रदेश व खाद्यासाठीची स्पर्धा हे स्पष्टीकरण आज अधिक ग्राह्य धरले जाते.

माता व पिल्ले : गोंबेतील ‘फ्लो’ १९७२ मध्ये मेली. तिचा आठ वर्षांचा ‘फ्लिंट’ खाणेपिणे सोडून काही आठवड्यांत मेला. बोसू येथे २००३ च्या श्वसनरोगाच्या साथीत ‘जिरे’ने आपले मृत पिल्लू, देह सुकून गेल्यावरही, ६८ दिवस वाहिले आणि त्यावरच्या माश्या हाताने हाकलल्या. असे रोग बहुधा माणसांकडूनच पोहोचतात; म्हणून अनेक केंद्रांत आता मुखपट्टी व ठरावीक अंतर बंधनकारक आहे.

मध्य आफ्रिकेतील उपजातीविषयी माहिती तुलनेने तोकडी आहे. काँगो प्रजासत्ताकातील गुआलूगो येथे १९९९ पासून निरीक्षण चालते. तेथे जाड काठीने जमिनीतील वारुळाला भोक पाडतात आणि मग बारीक देठ आत सोडतात. त्या देठाचे टोक दातांनी चावून कुंचल्यासारखे पिंजलेले असते.