हिरवा टूर्मलीन आणि पाचू: रंग सारखा, खडे वेगळे

१६७४ साली फर्नाओ डियास पाइस नावाचा वसाहतदार पाचूच्या शोधात साओ पावलोहून ब्राझीलच्या अंतर्भागात निघाला. सात वर्षं तो जंगलं आणि डोंगर तुडवत राहिला. हिरवे खडे त्याला मिळालेही. १६८१ मध्ये मोहिमेवरच तो वारला, तेव्हा आपण पाचूपर्यंत पोहोचलो अशीच त्याची समजूत होती. प्रत्यक्षात ते हिरवे टूर्मलीन होते. पुढेही कितीतरी काळ हा दगड ‘ब्राझिलियन एमराल्ड’ म्हणजे ब्राझीलचा पाचू या नावाने विकला जात होता. आजही ‘पाचूसारखाच, पण स्वस्तातला’ अशीच त्याची ओळख करून दिली जाते. ही ओळख मला मुळीच पटत नाही. या दोन खड्यांची घडणच इतकी निराळी आहे की पाचूच्या मापाने टूर्मलीन मोजायला गेलं की त्याचे खरे गुण दिसायचेच राहून जातात.

पाचू हे बेरिल या खनिजाचं हिरवं रूप. शुद्ध बेरिल बिनरंगी असतं; त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियमचा अंश शिरला की तो गडद, मखमली हिरवा उमटतो. पण बेरिलचा घटक असलेलं बेरिलियम आणि क्रोमियम सहसा एका खडकात सापडत नाहीत. बेरिलियम ग्रॅनाइटच्या गोतावळ्यातलं, तर क्रोमियम खोलवरून आलेल्या काळसर खडकांतलं. भूकवचात उलथापालथ होऊन त्यांची गाठ पडली तरच बहुतेक ठिकाणी पाचू तयार होतो. कोलंबियातल्या पाचूंची वाट वेगळी आहे. तिथे गरम खारं पाणी काळ्या शेल खडकातून वाहताना ते घडले, पण तिथेही खडक फुटतच होता. अशा धुमश्चक्रीत वाढलेल्या स्फटिकात चिरा, द्रवाचे थेंब, इतर खनिजांचे कण अडकणारच.

टूर्मलीनचं तसं नाही. मुळात टूर्मलीन हे एक खनिज नसून बोरॉन असलेल्या सिलिकेटांचं मोठं कुटुंब आहे. दागिन्यांत दिसणारा हिरवा खडा बहुतेक वेळा त्यातला एल्बाइट असतो. इटलीच्या एल्बा बेटावरून हे नाव पडलं. सोडियम, लिथियम आणि अॅल्युमिनियम हे त्याचे मुख्य घटक, आणि हिरवा रंग येतो तो प्रामुख्याने लोहामुळे. ग्रॅनाइटचा तप्त रस थिजत आल्यावर शेवटी पाणी, बोरॉन आणि लिथियम भरपूर असलेला भाग उरतो, त्यातून पेग्मटाइट नावाचा भरड खडक तयार होतो. त्यातल्या पोकळ्यांमध्ये टूर्मलीनला मोकळी जागा मिळते, म्हणून त्याच्या लांब, नितळ कांड्या होतात. कांडीवर उभ्या बारीक रेघा असतात आणि तिचा आडवा छेद फुगीर बाजूंच्या त्रिकोणाचा दिसतो. पाचूचा कच्चा स्फटिक सरळ षटकोनी असतो. कच्चा माल हातात असेल तर एवढ्यावरच निकाल लागतो.

पैलू पाडलेल्या खड्यात मात्र दहापट भिंग लागतं. पाचूच्या पोटात दिसणाऱ्या चिरांना आणि कणांना जाणकार ‘बाग’ म्हणतात. कोलंबियाच्या पाचूत एखाद्या दातेरी कडांच्या पोकळीत द्रव, वायूचा बुडबुडा आणि मिठाचा इवलासा चौकोनी स्फटिक असे तिघे एकत्र दिसू शकतात. हे दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही. टूर्मलीनमध्ये बारीक, केसासारख्या वेड्यावाकड्या द्रवरेषा किंवा उभ्या नळ्या आढळतात, आणि पुष्कळदा काहीच आढळत नाही. नितळपणाची प्रतवारी करताना अमेरिकेची जीआयए ही संस्था हिरवा टूर्मलीन पहिल्या गटात धरते, म्हणजे सहसा डाग नसलेल्या रत्नांत. पाचू तिसऱ्या गटात, जिथे डाग असणं हेच नेहमीचं. त्यामुळे मोठा, आरपार स्वच्छ हिरवा खडा कुणी पाचू म्हणून पुढे केला तर आधी शंका घ्यावी.

भिंगातूनच आणखी एक खूण दिसते. खड्याच्या वरच्या सपाट पैलूतून तिरकं पाहत मागच्या पैलूंच्या कडांवर नजर लावा. टूर्मलीन प्रकाशाचे दोन किरण करतो आणि त्यांच्या वक्रीभवनांकात, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या मापात, साधारण ०.०१८ ते ०.०२० एवढा फरक असतो, म्हणून जरा जाड खड्यात एकेक कड जोडीने दिसते. पाचूत हा फरक ०.००५ ते ०.००९ इतकाच, कड एकेरीच राहते. रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे वक्रीभवनांक मोजणारं उपकरण असेल तर वादच नको: पाचू १.५८च्या आसपास, टूर्मलीन १.६२ ते १.६४. पाण्याच्या तुलनेत घनताही वेगळी, पाचूची सुमारे २.७२ आणि टूर्मलीनची ३.०६. म्हणजे एक कॅरटचा टूर्मलीन एक कॅरटच्या पाचूपेक्षा दिसायला लहान असतो. वजनावरून अंगठीचं माप ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

टूर्मलीनचं खरं वैभव मात्र खडा फिरवल्यावर कळतं. कांडीच्या बाजूने पाहिलं तर तो प्रसन्न हिरवा, कधी निळसर झाक असलेला. तोच खडा टोकाकडून पाहा: रंग गडद ऑलिव्ह, तपकिरी, कित्येकदा चक्क काळा. दोन दिशांना प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषला जातो म्हणून हे घडतं. पाचूतही निळसर हिरवा आणि पिवळसर हिरवा असे दोन रंग असतात, पण फरक सौम्य. पैलू पाडणाऱ्या कारागिराची परीक्षा टूर्मलीनमध्येच लागते. टोकाकडून रंग फार गडद असेल तर कारागीर वरचा सपाट पैलू कांडीच्या लांबीला समांतर ठेवतो आणि दोन्ही टोकांचे मागचे पैलू जास्त उभे काढतो, म्हणजे तिकडचा काळोख वर येत नाही. बाजारात हिरवे टूर्मलीन इतके लांबट, आयताकृती का दिसतात याचं कारण हेच. चांगल्या हाताने घडवलेला, किंचित निळसर झाकेचा असा खडा मला धूसर, फिकट पाचूपेक्षा केव्हाही सरस वाटतो.

प्रकाश शोषण्याच्या याच खोडीमुळे एकोणिसाव्या शतकात टूर्मलीनच्या पातळ चकत्या प्रयोगशाळेत गेल्या. एका चिमट्यात दोन चकत्या बसवायच्या आणि एक फिरवायची; त्या एकमेकींना आडव्या आल्या की प्रकाश बंद. ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा, प्रकाश तपासायचं ते साधं, खात्रीचं साधन होतं.

विजेचा गुण तर पाचूत नाहीच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून टूर्मलीन नेले. खडा निखाऱ्याजवळ तापला की राख ओढून घेतो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तंबाखूच्या पाइपातली राख काढायला ते तो वापरू लागले. तापमान बदललं की स्फटिकाच्या एका टोकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण प्रभार जमतो. दाब दिल्यावरही तसंच होतं. झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाबातून वीज निर्माण होण्याचा शोध जाहीर केला, तेव्हा त्यांनी तपासलेल्या स्फटिकांत क्वार्ट्झबरोबर टूर्मलीनही होता. पुढे स्फोटाच्या लाटेचा दाब मोजणाऱ्या उपकरणांत टूर्मलीनच्या चकत्या बसवल्या गेल्या. दिव्याच्या उष्णतेने तापणाऱ्या काचपेटीत टूर्मलीनवर शेजारच्या रत्नांपेक्षा जास्त धूळ बसते, तीही यामुळेच.

या गुणाचं भांडवल करून ‘टूर्मलीन अंगावर सतत ऊर्जा सोडतो’ असं सांगितलं जातं, ते चूक आहे. तापमान स्थिर राहिलं की जमलेला प्रभार हवेतल्या विरुद्ध प्रभारामुळे थोड्याच वेळात नाहीसा होतो. हिरवा टूर्मलीन हृदय बळकट करतो, रक्तदाब उतरवतो या दाव्यांनाही वैद्यकीय आधार नाही. दुखणं असेल तर डॉक्टरकडेच जावं.

अर्थांच्या बाबतीत पाचूचं पारडं जड आहे, आणि त्याला इतिहास आहे. रोमन काळात प्लिनी या लेखकाने लिहून ठेवलंय की पाचूकडे पाहून दमलेले डोळे निवतात. वसंत, नवी पालवी, निष्ठा, वाणी हे संकेत त्याच्याशी फार पूर्वीपासून जोडलेले आहेत. ज्योतिषात तो बुधाचा. हिरवा टूर्मलीन वेगळं रत्न म्हणून ओळखलाच गेला मुळी अठराव्या शतकापासून, तोवर तो पाचूच्याच नावावर वावरत होता. म्हणून करुणा, मनाची उभारी, हृदयचक्र असे त्याचे ‘प्राचीन’ अर्थ सांगितले जातात तेव्हा ते अलीकडचे आहेत हे ओळखावं. श्रद्धेने किंवा आवडीने कुणी ते मानले तर हरकत नाही. वय वाढवून सांगू नये, इतकंच. जन्मरत्नांच्या प्रचलित यादीत पाचू मे महिन्याचा, टूर्मलीन ऑक्टोबरचा.

एका बाबतीत जाणकारही फसू शकतात. टांझानिया आणि केनियात ‘क्रोम टूर्मलीन’ मिळतो. त्याचा हिरवा रंग लोहाचा नसून पाचूप्रमाणेच व्हॅनेडियम आणि क्रोमियमचा असतो, त्यामुळे तो डोळ्यांना पाचूच्या फार जवळ जातो. चेल्सी फिल्टर या रत्नं तपासायच्या रंगीत काचेतून कोलंबियाचे कित्येक पाचू तांबडे दिसतात, हाही तांबडा दिसतो. लोहयुक्त हिरवा टूर्मलीन हिरवाच राहतो. उलट झांबियाचा अस्सल पाचूही फिल्टरखाली हिरवा राहू शकतो. एकट्या फिल्टरवर विसंबू नये.

विकत घेताना पाचूबद्दल पहिला प्रश्न तेलाचा विचारावा. त्याच्या चिरांत तेल किंवा राळ भरण्याची पद्धत सर्रास आहे, आणि किती भरलंय यावर मोल ठरतं. टूर्मलीनमध्ये गडद रंग उजळायला उष्णता देतात, क्वचित चिराही भरतात. कृत्रिम पाचू गेल्या शतकापासून प्रयोगशाळेत व्यापारी पातळीवर बनतो. रत्नाच्या दर्जाचा कृत्रिम टूर्मलीन मात्र बाजारात नाही, तेव्हा त्या नावाने विकली जाणारी वस्तू काच किंवा कृत्रिम स्पिनेल (एक वेगळं खनिज) असण्याचीच शक्यता जास्त.

काठिण्यात, म्हणजे ओरखडा न उठण्याच्या मोहस मापात, पाचू ७.५ ते ८, टूर्मलीन ७ ते ७.५. रोजच्या धुळीतल्या क्वार्ट्झकणांचं काठिण्य ७ असतं, म्हणून टूर्मलीनची अंगठी सुक्या फडक्याने घासू नये, आधी धूळ धुऊन टाकावी. साफ करायचं अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींचं) यंत्र आणि वाफ दोघांनाही वर्ज्य: पाचूचं तेल निघून जातं, टूर्मलीन अचानक तापल्याने तडकू शकतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश पुरे. आणि सोनाराकडे अंगठी तापवून तिला डाग (जोड) द्यायचा असेल, तर दोन्ही खडे आधी कोंदणातून काढून घ्यायला सांगावेत.