पार्श्वभूमी : कोळसा 'बंद' की 'कमी'?

ग्लासगोची हवामान परिषद १२ नोव्हेंबर २०२१ ला, शुक्रवारी संपायची होती. शनिवारची संध्याकाळ झाली तरी सभागृहात माणसं घोळक्याने उभीच होती. अमेरिका, चीन, भारत आणि युरोपीय संघाचे प्रतिनिधी एकमेकांना गाठून दबक्या आवाजात बोलत होते. मग भारताच्या मंत्र्यांनी एका परिच्छेदाचा बदललेला मजकूर वाचून दाखवला. कोळशाच्या विजेचं 'फेज आउट' (टप्प्याटप्प्याने बंद) करण्याच्या प्रयत्नांना वेग द्यावा असं मसुद्यात होतं, त्या जागी 'फेज डाउन' (टप्प्याटप्प्याने कमी) आलं. स्वित्झर्लंडने तीव्र निराशा बोलून दाखवली तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. मार्शल बेटं, फिजी, मेक्सिको यांनीही नाराजी नोंदवली. मेक्सिकोचा आक्षेप शब्दाइतकाच पद्धतीवर होता : मसुदा आता उघडता येणार नाही असं इतरांना सांगायचं आणि ऐनवेळी काही जणांसाठी तो उघडायचा, हे कसं? तरीही करार कोणी अडवला नाही. अध्यक्षांनी घडल्या प्रकाराबद्दल माफी मागितली, बोलता बोलता त्यांचा आवाज दाटून आला, आणि हातोडा पडला.

जगभर मथळा झाला तो 'भारताने करार सौम्य केला' असा. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. बहुतेक मराठी बातम्यांतही 'टप्प्याटप्प्याने बंद' ऐवजी 'टप्प्याटप्प्याने कमी' एवढ्यावर विषय संपला. मला मात्र त्या वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'टप्प्याटप्प्याने' हाच वाटतो. टप्पे म्हटले की किती टप्पे, कोणत्या वर्षी, प्रत्येक टप्प्यात किती, हे विचारावंच लागतं. ग्लासगोच्या कागदावर त्यातल्या एकाचंही उत्तर नाही.

हे दोन्ही शब्द कोळशासाठी घडलेले नव्हते. पर्यावरण करारांत ते रुळले ओझोनच्या कामात. फ्रीज आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या सीएफसी वायूंवर १९८७ साली माँट्रियलला करार झाला. आज त्याची ओळख 'सीएफसी बंद करणारा करार' अशी आहे. प्रत्यक्षात मूळ करारात बंद करण्याचं बंधन नव्हतं. मुख्य सीएफसींचं प्रमाण शतक संपेपर्यंत निम्म्यावर आणायचं, एवढंच ठरलं होतं. म्हणजे आजच्या भाषेत ते 'फेज डाउन' होतं. पण त्यात वर्षं होती, टक्के होते आणि ठरावीक काळाने फेरआढावा घेण्याचं कलम होतं. १९९० साली लंडनला तेच निम्मं 'पूर्ण बंद' झालं आणि २००० हे वर्ष ठरलं. १९९२ साली कोपनहेगनला विकसित देशांसाठीची मुदत १९९६ वर आणली. विकसनशील देशांना २०१० पर्यंत सवलत मिळाली आणि लंडनमध्येच त्यांच्यासाठी स्वतंत्र निधीही ठरला.

पुढे सीएफसीच्या जागी आलेले एचएफसी ओझोनला धक्का लावत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. त्यांच्यावर ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला रात्रभर जागून तडजोड झाली. तिथे मुद्दामच 'फेज डाउन' हा शब्द घेतला, कारण काही वापरांना पर्याय दिसत नव्हता. त्या शब्दापुढे मात्र वेळापत्रक जोडलेलं होतं. विकसित देशांनी २०१९ पासून कपात सुरू करायची आणि २०३६ पर्यंत ८५ टक्क्यांवर न्यायची. चीनसह बहुतेक विकसनशील देशांनी २०२४ ला वापर गोठवायचा. भारत, पाकिस्तान, इराण, इराक आणि आखाती देशांनी २०२८ ला गोठवायचा, मग २०३२ ला १० टक्के, २०३७ ला २०, २०४२ ला ३० आणि २०४७ ला ८५ टक्के कपात. भारताने ही दुरुस्ती सप्टेंबर २०२१ मध्ये रीतसर मान्य केली, म्हणजे ग्लासगोच्या आधी दोन महिन्यांच्या आतच.

तेव्हा 'डाउन' म्हणजे पळवाट आणि 'आउट' म्हणजे निर्धार, ही सरधोपट वाटणी मला पटत नाही. आकड्यांसकट आलेलं 'डाउन' तीन वर्षांत 'आउट' झालेलं आपण पाहिलं आहे. आकड्यांविना आलेलं 'आउट' कुठवर जातं तेही पाहिलं आहे. २००९ साली पिट्सबर्गला जगातल्या वीस मोठ्या अर्थव्यवस्थांनी खनिज इंधनांवरची 'अकार्यक्षम' अनुदानं मध्यम मुदतीत बंद करण्याचं कबूल केलं. शब्द 'फेज आउट' हाच होता. 'अकार्यक्षम' म्हणजे काय आणि मध्यम मुदत किती वर्षांची, हे कोणी लिहिलं नाही. ते वचन पुढेही अनेकदा नव्याने छापलं गेलं.

ग्लासगोतला शब्द भारताच्या डोक्यातून आला, हेही पूर्ण खरं नाही. १० नोव्हेंबरला, म्हणजे शेवटच्या रात्रीच्या तीन दिवस आधी, अमेरिका आणि चीनचं संयुक्त निवेदन आलं होतं. चीन आपल्या पंधराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कोळशाचा वापर 'फेज डाउन' करेल, असं त्यात होतं. भारताने तोच शब्द सगळ्यांसमोर उच्चारला आणि रोष त्याच्या वाट्याला आला.

त्या आठवड्यातला मसुद्याचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. पहिल्या मसुद्यात वाक्य सरळ होतं : कोळसा आणि खनिज इंधनांवरची अनुदानं बंद करण्याला वेग द्या. दुसऱ्या मसुद्यात 'कोळसा' चा 'अनअबेटेड कोळशाची वीज' झाला आणि अनुदानांआधी 'अकार्यक्षम' लागलं. तिसऱ्या मसुद्यात 'वेग द्या' चं 'प्रयत्नांना वेग देणे' झालं आणि अंतिम मजकुरात 'बंद' चं 'कमी' झालं. चार ठिकाणी पाणी घातलं गेलं आणि गदारोळ एकाच ठिकाणाचा झाला.

माझ्या दृष्टीने त्या चारांपैकी सर्वांत मोठा बदल होता 'अनअबेटेड'. या शब्दाला मराठीत नेमका पर्याय नाही. 'धुरातला कार्बन न पकडता जाळलेला' असं म्हणता येईल. म्हणजे धुराड्यावर कार्बन पकडणारी यंत्रणा बसवली की तो कोळसा या वाक्याच्या बाहेर. पण किती टक्के पकडला म्हणजे पुरे? ग्लासगोचा कागद ते सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-तज्ज्ञ मंडळाच्या (आयपीसीसी) २०२२ च्या अहवालात एक तळटीप आली. तिथे वीजकेंद्रातला ९० टक्के किंवा त्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड पकडणं हे उदाहरण दिलं आहे. ती तळटीप करारांच्या मजकुरात काही उतरली नाही. कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतात २०१४ मध्ये व्यापारी पातळीवरचं असं पहिलं कोळसा युनिट सुरू झालं. टेक्सासमधलं दुसरं मोठं यंत्र २०१७ मध्ये सुरू झालं, २०२० मध्ये बंद पडलं आणि २०२३ मध्ये पुन्हा चालू केलं गेलं. जगातल्या कोळसा केंद्रांच्या पसाऱ्यात ही यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आज जाळला जाणारा जवळजवळ सगळाच कोळसा 'अनअबेटेड' आहे. शब्दाचा उपयोग आहे तो उद्याच्या सबबीसाठी, आणि म्हणूनच तो मला अस्वस्थ करतो.

भारताची बाजूही नीट मांडली गेली नाही. ऊर्जेतून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी कोळशाचा वाटा सुमारे ४० टक्के. उरलेला बहुतेक तेल आणि वायूचा. ग्लासगोच्या वाक्यात तेल आणि वायू यांचं नावच नव्हतं. ज्यांची वीज प्रामुख्याने कोळशावर चालते त्यांना कालमर्यादेकडे ढकलायचं, आणि ज्यांची घरं वायूवर उबदार राहतात त्यांना मोकळं सोडायचं, हा दुजाभाव होता. चुलीच्या धुरातून बायकांची सुटका करणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसचं अनुदान आणि तेल कंपन्यांची करसवलत एकाच 'अनुदान' शब्दात कोंबणंही चूक होतं. हा मुद्दा भारताने सभागृहात मांडला आणि तो रास्तच होता. पण ज्या देशाने किगालीत १०, २०, ३०, ८५ असे आकडे स्वीकारले, त्याने ग्लासगोत शब्द बदलताना एक तरी आकडा मागायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

ग्लासगोआधीच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि तेच बोलकं आहे. १९९२ च्या मूळ हवामान करारात खनिज इंधनांचा उल्लेख येतो तो मुख्यतः त्यांच्या विक्रीवर जगणाऱ्या देशांची काळजी घ्यावी या संदर्भात. १९९७ च्या क्योटो करारात उत्सर्जन वाढवणारी अनुदानं 'क्रमशः कमी किंवा बंद' करण्याची एक ओळ आहे. आजचे दोन्ही शब्द तिथे शेजारी शेजारी बसलेले होते, भांडण नव्हतं. २०१५ च्या पॅरिस करारात कोळसा, तेल, खनिज इंधन यांपैकी एकही शब्द नाही. धुराबद्दल करार झाला, जळणाबद्दल नाही. त्यामुळे ग्लासगोतलं वाक्य कितीही पातळ असलं तरी कोळशाचं नाव परिषदेच्या निर्णयात यायला सव्वीस परिषदा लागल्या, हे विसरता येत नाही.

२०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या परिषदेत भारताने फक्त कोळसा नको, सगळीच खनिज इंधनं 'फेज डाउन' करू, असा प्रस्ताव ठेवला. सुमारे ८० देशांचा पाठिंबा मिळाला, तरी तो अंतिम मजकुरात आला नाही. ग्लासगोत भारतावर रागावलेल्या सभागृहाला यावर मथळे करावेसे वाटले नाहीत. २०२३ च्या डिसेंबरात दुबईत 'आउट' आणि 'डाउन' दोन्ही बाजूला ठेवून तिसराच शब्दप्रयोग आला : ऊर्जाव्यवस्थेत खनिज इंधनांपासून 'दूर जाणं', तेही न्याय्य आणि शिस्तबद्ध रीतीने. कोळशासाठी ग्लासगोचंच वाक्य पुन्हा लिहिलं. दुबईत एक आकडा मात्र आला : २०३० पर्यंत जगाची अपारंपरिक वीजक्षमता तिप्पट. जे वाढवायचं त्याला आकडा मिळाला. २०२५ च्या नोव्हेंबरात ब्राझीलमधल्या बेलेमला 'दूर जाण्या'चा आराखडा करावा यासाठी ८० हून अधिक देश आग्रही होते. अंतिम निर्णयात खनिज इंधनांचा थेट उल्लेखही राहिला नाही.

दरम्यान ब्रिटनने, जिथे १८८२ साली लंडनला कोळशावरचं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झालं होतं, ३० सप्टेंबर २०२४ ला आपलं शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं. भारताचं कोळसा उत्पादन २०२४-२५ मध्ये पहिल्यांदाच १०० कोटी टनांपलीकडे गेलं. त्याच २०२५ सालात देशाच्या एकूण वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-खनिज स्रोतांचा झाला. त्यातून येणारी वीज अजून निम्मी नाही, कारण सूर्य रात्री मावळतो आणि कोळशाचं केंद्र चालू राहतं.

किगालीच्या वेळापत्रकात भारताच्या गटाची पायारेषा, म्हणजे कपात ज्या आकड्यापासून मोजायची तो आकडा, २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांच्या आकड्यांवरून ठरते. त्यानंतर दोन वर्षांनी, २०२८ ला, एचएफसीचा वापर गोठेल. कोळशाची पायारेषा कोणत्या वर्षांची धरायची, हा प्रश्न अजून एकाही परिषदेच्या विषयपत्रिकेवर आलेला नाही.