जननी सुरक्षा आणि मातृ वंदना: बाळंतपणाचे पैसे नेमके कोणत्या योजनेचे?

घरात दिवस गेल्याची बातमी पक्की झाली की कुणीतरी सांगतंच, "आशाताईकडे नाव घाल, बाळंतपणाचे सरकारी पैसे मिळतात." किती मिळतात असं विचारलं तर एक जण सातशे म्हणतो, दुसरा पाच हजार, तिसरा सहा. तिघंही आपापल्या जागी खरे असतात, फक्त ते एकाच योजनेबद्दल बोलत नसतात. हातावर पोट असलेल्या घरात या आकड्याच्या भरवशावर उसनवारी होते, म्हणून हा घोळ आधीच निस्तरलेला बरा.

जननी सुरक्षा योजना २००५ सालची, आरोग्य खात्याची. तिचा रोख एकाच गोष्टीवर आहे: बाळंतपण घरी न होता दवाखान्यात व्हावं. त्यामुळे पैसे मिळतात ते प्रसूती कुठे झाली यावर. महाराष्ट्रात हा लाभ दारिद्र्यरेषेखालच्या तसंच अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना आहे. प्रसूती सरकारी किंवा योजनेत मान्यता असलेल्या खाजगी दवाखान्यात झाली, तर ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या बाईची प्रसूती घरीच झाली तर ५००. बाळ कितवं, हे आता इथे पाहत नाहीत.

मग मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत १,४०० रुपये कुठून येतात? तोही आकडा खोटा नाही, पण तो आपल्या राज्याचा नाही. दवाखान्यात प्रसूती होण्याचं प्रमाण जिथे कमी होतं, अशी मध्य प्रदेश, छत्तीसगड, राजस्थान, बिहार यांसारखी राज्यं केंद्राने वेगळी काढली. तिथे सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या प्रत्येकीला ग्रामीण भागात १,४०० रुपये आहेत, जात किंवा शिधापत्रिका न पाहता. नंदुरबार, मेळघाट किंवा गडचिरोलीच्या सीमेवरच्या गावात पलीकडच्या राज्यातली पाहुणी दुप्पट रक्कम सांगते आणि इकडे आशाताईवर संशय घेतला जातो. तो संशय तिच्यावर अन्याय करणारा आहे. ती पैसे खात नसते, नियमच निराळा आहे.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजना १ जानेवारी २०१७ पासूनची, केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाची. तिच्यामागचा विचार वेगळा. शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणानंतर बाईची मजुरी बुडते, त्याची थोडी तरी भरपाई व्हावी, तिला विश्रांती आणि नीट खाणं मिळावं. म्हणून प्रसूती सरकारी दवाखान्यात झाली की खाजगी, हा मुद्दा इथे नसतो. ही योजना तीन गोष्टी पाहते: गरोदरपणाची नोंद आणि तपासणी, बाळाच्या जन्माची नोंद, आणि लसी.

एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि किमान एक तपासणी झाली असेल तर ३,०००; जन्मनोंद होऊन साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की २,०००. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० एकदम, तिच्या जन्मानंतर. पूर्वी पहिल्या बाळाचे तीन हप्ते होते, १,००० आणि दोनदा २,०००. जुन्या अनुभवी बायका अजून तेच सांगतात.

पात्रतेचं दारही इथे बरंच रुंद आहे. अन्न सुरक्षेतलं रेशन मिळत असेल, रोजगार हमीचं जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड किंवा आयुष्मान कार्ड असेल, पीएम किसानचे पैसे येत असतील, किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला असेल, तर यातलं कुठलंही एक पुरतं. अनुसूचित जाती-जमातींच्या बायका, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या बायका, आणि स्वतः अंगणवाडीसेविका, मदतनीस व आशा यांनाही लाभ आहे. सरकारी नोकरीत कायम असलेल्यांना मात्र नाही.

सहा हजारांचा घोळ कायद्यापासूनच सुरू होतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देण्याचं म्हटलं. मातृ वंदना आली ती पाच हजारांची, आणि उरलेली रक्कम जननी सुरक्षेतून मिळते असं धरून सरासरी सहा हजारांचा हिशेब मांडला गेला. पण आपल्याकडे जननी सुरक्षेचे सातशेच, तेही सगळ्यांना नाहीत. त्यामुळे पहिल्या बाळाला 'सहा हजार' इथे कुणाच्याच खात्यात दिसत नाहीत. त्यात आता दुसऱ्या मुलीचे सहा हजार आल्यामुळे दोन निरनिराळे 'सहा हजार' एकमेकांत मिसळून गेले.

एक उदाहरण घेऊ. खेड्यातलं घर, केशरी कार्डावर अन्न सुरक्षेचं धान्य मिळतं, जात खुल्या प्रवर्गातली, आणि दोन जावा एकाच वर्षी गरोदर. धाकटीचं पहिलंच. ग्रामीण रुग्णालयात बाळंत झाली तरी जननी सुरक्षेचे तिला काही नाहीत. मातृ वंदनाचे पाच हजार आहेत. थोरलीचं दुसरं. मुलगी झाली तर सहा हजार, मुलगा झाला तर दोन्हीकडून शून्य. हेच घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असतं तर दोघींना शिवाय सातशे-सातशे मिळाले असते, मुलगा असो की मुलगी. मुलीच्या जन्माला मान मिळावा हे मला मनापासून पटतं. पण मुलगा झालेल्या बाईची मजुरी काही कमी बुडत नाही, तिचं रक्त काही कमी जात नाही. तिला वगळणं चूक आहे असंच माझं मत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पैसे हातात कधी येतात. जननी सुरक्षेचे प्रसूतीनंतर. मातृ वंदनाचा दुसरा हप्ता बाळ साडेतीन महिन्यांचं झाल्यावर, तोही कागद नीट असतील तर. म्हणजे झबली, टोपडी, दुपटी, दवाखान्यात न्यायची पिशवी, रात्री-अपरात्री लागणारी गाडी यांपैकी कशालाही हे पैसे वेळेवर पुरत नाहीत. बाळंतपणाआधी येण्याची शक्यता आहे ती फक्त पहिल्या तीन हजारांची, आणि तीही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अर्ज केला तरच. आले तर ते बाईच्या ताटात जावेत: शेंगदाणे, गूळ, डाळी, अंडी, दूध. कपड्यांचं ओझं घेऊ नका. आजीच्या धुऊन मऊ झालेल्या सुती साडीची दुपटी आणि लंगोट नव्या कापडापेक्षा बाळाच्या अंगाला चांगले लागतात, आणि अंगडी-टोपडी बाळंतविड्यात येतातच. पहिले सहा महिने अंगावरचंच दूध पाजायचं, तेव्हा डबा-बाटलीचा खर्चही आधी धरून ठेवू नका.

खरी बचत आहे ती तिसऱ्याच नावात, जे पहिल्याशी इतकं जुळतं की दोन्ही एकच समजली जातात: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम. हा जून २०११ चा. यात हातात रोख काहीच मिळत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही. पण सरकारी दवाखान्यात प्रसूती मोफत, सिझेरियन मोफत, औषधं, रक्त-लघवीच्या तपासण्या, सोनोग्राफी, गरज पडल्यास रक्त, साध्या प्रसूतीला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत जेवण, १०२ ची गाडी न्यायला आणि घरी सोडायलासुद्धा. आजारी बाळाचे उपचारही वर्षभरापर्यंत मोफत. इथे जात, कार्ड, कितवं बाळ, काही विचारत नाहीत. सातशे रुपयांसाठी हेलपाटे घालणारी माणसं बाहेरून औषधं आणायची चिठ्ठी मात्र मुकाट्याने घेतात, याचं फार वाईट वाटतं. अशी चिठ्ठी हातात आली तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जाऊन "हे जननी शिशु सुरक्षेत बसत नाही का?" एवढं जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

मातृ वंदनाचे अर्ज अडतात ते बहुधा दोन ठिकाणी. पहिलं बँक खातं. "खात्याला आधार जोडलंय" असं सगळेच सांगतात, पण खातं उघडताना दिलेलं आधार वेगळं आणि सरकारी अनुदान जमा होण्यासाठी जोडलेलं आधार वेगळं. एका आधारावर अनुदान एकाच खात्यात पडतं. लग्नाआधी माहेरच्या गावात उघडलेलं जनधन खातं तिथे जोडलेलं असेल तर पैसे तिकडे जातात आणि बाई सासरच्या बँकेत पासबुक भरून घेत राहते. डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात जमा होणं, तेव्हा बँकेत नेमकं विचारायचं ते हे: "माझं आधार डीबीटीसाठी कोणत्या बँकेला जोडलेलं आहे?" आणि खातं तिच्याच नावावर हवं, नवऱ्याचं चालत नाही.

दुसरं माता-बाल संरक्षण कार्ड. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख, नोंदणीची तारीख आणि प्रत्येक तपासणीची नोंद असते, आणि दोन्ही हप्ते त्यावरच्या नोंदींवर उभे असतात. खाजगी डॉक्टरांकडे तपासण्या चालू असल्या तरी आशाताईकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात नाव घालून हे कार्ड घ्याच, नाहीतर पाच हजारांवर पाणी सोडावं लागतं. कार्डावर सासरचं नाव आणि आधारवर माहेरचं, असंही होऊ देऊ नका. ज्या नावाने आधार आहे तेच नाव सगळीकडे लिहायला सांगा.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची पद्धत आहे, तेव्हा हे कार्ड पिशवीत पहिलं टाका. जननी सुरक्षेचे पैसे जिथे बाळंत झालात तिथून मिळतात, म्हणून जातीचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेचा पुरावा यांची प्रतही माहेरी न्यायला हवी. माहेरी दिलेल्या लसी त्याच कार्डावर लिहून घ्या. बाळाची जन्मनोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते आणि २१ दिवसांच्या आत ती विनाशुल्क आहे. मातृ वंदनाचा अर्ज बाळ २७० दिवसांचं होईपर्यंत करता येतो, म्हणून सवा महिना झाल्यावर सासरी परत येऊन केला तरी चालतं. पण पहिला हप्ता आधी हवा असेल तर माहेरी निघण्यापूर्वीच अंगणवाडीत किंवा आशाताईकडे अर्ज भरून, तो पोर्टलवर चढल्याची खात्री करून मगच निघा.