हवेलाही भरती येते, सकाळी दहा वाजता

गेल्या मे महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक चित्र येऊन पडलं. मोबाइलमधल्या दाबमापक अॅपचा आलेख होता. सकाळी वर असलेली रेघ दुपारी चारपर्यंत घसरत खाली आलेली आणि तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं: ‘सहा तासांत हवेचा दाब तीन मिलिबारने कोसळला. अंदमानवर महाभयंकर वादळ. सगळ्यांना पाठवा.’ माझी मावसबहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे पोर्ट ब्लेअरला राहते. (गावाचं नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं, पण घरात सगळ्यांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच आहे.) इकडे बडोद्याच्या कारेलीबागेत मावशीच्या पोटात गोळा आला. तिने घाईघाईने फोन लावला, तर पलीकडून उत्तर आलं, “अगं आई, इथे लख्ख ऊन पडलंय. आत्ताच गच्चीवर कपडे वाळत घालून आले.”

वादळ आलं नाही. पण आलेख खोटा नव्हता. त्या दिवशी पोर्ट ब्लेअरला दाब खरोखरच तेवढा उतरला होता. दुसऱ्या दिवशीही उतरला, तिसऱ्या दिवशीही. तो रोज उतरतो आणि रोज चढतो. सकाळी दहाच्या आसपास वर, दुपारी चारला खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. समुद्राला जशी दिवसातून दोनदा भरती येते तशी ती हवेलाही येते. शाळेत कुणी हे आपल्याला सांगत नाही याची मला फार खंत वाटते, कारण बडोद्यात घरबसल्या रोज पाहता येईल अशी ही गोष्ट आहे.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरात आजोबांच्या वेळचं एक पितळी दाबमापक आहे. आत पातळ पत्र्याची, वळ्यावळ्यांच्या झाकणाची एक चपटी डबी असते. तिच्यातली हवा काढून घेतलेली असते. बाहेरची हवा दाबते तशी डबी किंचित चेपते, दाब कमी झाला की फुगते, आणि केसाएवढ्या हालचालीला तरफा नि बारीक साखळी मोठं करून काट्यापर्यंत नेतात. काचेवर नखाने हलकं टिचकावलं की अडकलेला काटा थरथरून आपल्या खऱ्या जागी बसतो. आजोबा सकाळी कचेरीत निघताना एकदा टिचकी मारत आणि संध्याकाळी पाचला परत आल्यावर एकदा. सकाळी काटा वर, संध्याकाळी खाली, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. दुपारच्या उन्हाने यंत्र ढिलं पडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. यंत्र ठणठणीत होतं. त्याच्या तबकडीवर ‘स्टॉर्मी, रेन, चेंज, फेअर’ असे शब्द कोरलेले आहेत, ते मात्र आपल्याकडे निरुपयोगी. ते विलायतेच्या हवेसाठी लिहिलेले आहेत.

विलायतेचा आणि आपला फरक इथेच आहे. इंग्लंडवरून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक जात असतात आणि दोन दिवसांत काटा वीस-तीस मिलिबार सहज हलतो. त्या धांदलीत तिथली अर्ध्या मिलिबारची रोजची भरती कुणाला दिसणार? ती अक्षांशाबरोबर झपाट्याने कमी होत जाते. विषुववृत्ताजवळ सर्वांत मोठी, बडोद्याला त्याहून थोडी लहान, लंडनला जेमतेम पाव हिस्सा. म्हणून युरोपातल्या अभ्यासकांना ती नीट दिसली ती उष्ण कटिबंधात आल्यावरच. दक्षिण अमेरिकेत फिरताना अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने नोंदवून ठेवलं होतं की इथे नुसत्या पाऱ्याच्या उंचीवरून वेळ सांगता येईल आणि चूक फार तर पाव तासाची होईल.

उष्ण कटिबंधातलं बेट हे पाहायला सर्वांत उत्तम. तिथे दिवसामागून दिवस हवा फारशी बदलत नाही. मेमध्ये आपल्याकडे दुपारी 42 अंश आणि पहाटे 27, तर पोर्ट ब्लेअरला दिवसा 31-32 आणि रात्री 25 च्या आसपास. चारी बाजूंनी पाणी, आणि पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. हे सातवीच्या पुस्तकातच आहे. अशा संथ पार्श्वभूमीवर दोन-तीन मिलिबारचा ठेका स्वच्छ ऐकू येतो.

तीन मिलिबार म्हणजे किती? वातावरणाचा एकूण दाब साधारण 1013 मिलिबार, त्यातले तीन. ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन. तीन मिलिबार म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे 30 किलो. वाड्याचा दहा चौरस मीटरचा चौक घ्या. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात त्या चौकावरून तीनशे किलो हवा निघून जाते, म्हणजे सिमेंटच्या सहा गोण्या. पानसुद्धा न हलता.

ही भरती कोण आणतं? पहिलं उत्तर मनात येतं ते चंद्र. पण चंद्राची भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. खंभातच्या आखातावर कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे. भरतीला दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं, ओहोटीला पुन्हा उघडं पडतं. बडोद्याहून जाणारी मंडळी तिथे ‘आज किती वाजता पाणी चढणार’ हे विचारूनच निघतात, कारण ती वेळ रोज बदलते. समुद्र स्वतः अभिषेक करायला येतो ही श्रद्धा मनाला भावणारी आहे, पण तिला चमत्कार म्हणून विकणारे व्हिडिओ पाहिले की वाईट वाटतं. त्या आखाताचा नरसाळ्यासारखा आकार आणि चंद्राचं गणित यांनी तिथे जगातल्या मोठ्या भरत्यांपैकी एक घडते. चमत्कार म्हणून हात जोडले की ते गणित पाहायचं राहून जातं.

हवेची भरती मात्र सरकत नाही. जानेवारीतही दहा, जूनमध्येही दहाच. पौर्णिमा असो की अमावास्या, तिला फरक पडत नाही. म्हणजे तिचा धनी सूर्य. चंद्राचीही एक भरती हवेत आहे, पण ती मिलिबारच्या दहाव्या हिस्स्याएवढी. गणितज्ञ लाप्लासने ती फ्रान्समधल्या नोंदींतून शोधायचा प्रयत्न केला आणि हाती काही लागलं नाही. पुढे एडवर्ड साबीनने 1847 मध्ये सेंट हेलेना या बेटावरच्या नोंदींतून ती वेगळी काढून दाखवली. तिथेही कामी आलं ते उष्ण कटिबंधातलं बेटच.

आता खरं कोडं. गुरुत्वाकर्षणाने भरती आणण्यात चंद्र सूर्याच्या दुपटीहून बलवान आहे. तरी हवेत सूर्याची भरती चंद्राच्या वीसेक पट. म्हणजे हे काम ओढीचं नसून उष्णतेचं. पण उष्णता तर दिवसातून एकदाच येते! मग भरती दोनदा का?

इथे मला तंबोरा आठवतो. खर्जाची तार छेडली की नुसता खर्ज वाजत नाही. कान देऊन ऐकलं तर त्यात वरचा षड्ज असतो, पंचम असतो, स्वयंभू गांधार असतो. तार एकच, पण तिच्या कंपनात दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट गतीची कंपनंही मिसळलेली असतात. सूर्याची उष्णताही तशीच. दिवसभर चढून उतरणारी आणि रात्रभर शून्य असणारी ही आकृती गोल, गुळगुळीत लहर नव्हे. ती फोडली तर तिच्यात 24 तासांचा खर्ज निघतो, 12 तासांचा वरचा षड्ज निघतो, आठ तासांचाही स्वर निघतो. 24 तासांचा अर्थातच सर्वांत जोरदार. मग जमिनीवर 12 तासांचाच मोठ्याने का ऐकू यावा?

लॉर्ड केल्विनने 1882 मध्ये सुचवलं की वातावरणाचा स्वतःचा झोका बारा तासांचा असावा. पाळण्याला त्याच्याच लयीत दोरी ओढली की हलक्या हातानेही तो उंच जातो, तसं. कल्पना इतकी देखणी होती की पुढची अनेक दशकं ती टिकली. पण 1883 मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ या बेटावर ज्वालामुखी फुटला. त्याची दाबलाट सुमारे 35 तासांत एक याप्रमाणे पृथ्वीला पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत राहिली आणि जगभरच्या दाबमापकांवर उमटली. त्या लाटेच्या वेगावरून 1929 मध्ये जी. आय. टेलर यांनी दाखवलं की केल्विनच्या झोक्याला लागणारा वेग हा नव्हे. नंतर बरीच घासाघीस झाली, आणि 1960 च्या दशकात रिचर्ड लिंडझेन आणि इतरांनी आज मान्य असलेलं उत्तर मांडलं.

ते उत्तर थोडं अवघड आहे, पण सावकाश वाचावं. सूर्याची उष्णता फक्त जमीन पकडत नाही. खालच्या दहा-पंधरा किलोमीटरमधली पाण्याची वाफही थोडी पकडते आणि वर वीस ते साठ किलोमीटरच्या पट्ट्यातला ओझोनही पकडतो. तापलेली हवा फुगते आणि त्या धक्क्याच्या लाटा वर-खाली पसरतात. 24 तासांच्या लाटेची उभी लांबी, म्हणजे एका शिखरापासून वरच्या शिखरापर्यंतचं अंतर, तीसेक किलोमीटरच भरतं. ओझोनचा पट्टा त्याहून जाड. मग पट्ट्याच्या वरच्या भागातून निघालेली लाट आणि खालच्या भागातून निघालेली लाट जमिनीपर्यंत येईतो एकमेकींच्या उलट होतात आणि बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. शिवाय साधारण तीस अंश अक्षांशांपलीकडे पृथ्वीच्या फिरण्यामुळे या मंद लाटेला वर-खाली पसरताच येत नाही. जिथली तिथे कोंडली जाते. 12 तासांच्या लाटेची उभी लांबी मात्र शंभर किलोमीटरहून जास्त. तिच्या दृष्टीने अख्खा ओझोनचा पट्टा आणि खालची वाफ मिळून एकच जागा. सगळे एका दमात ओढतात, ‘हय्या हो’ म्हणून रथ ओढावा तसे. म्हणून मुळात दुबळा असलेला स्वर जमिनीवर खणखणीत उमटतो आणि मूळचा बलवान स्वर त्याच्या निम्म्यावर येतो. आपल्या अंगणातल्या काट्याला पन्नास किलोमीटर उंचावरचा ओझोन हलवतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत झोप लागली नव्हती.

निम्म्यावर आलेला तो 24 तासांचा स्वर तापलेल्या कोरड्या जमिनीवर थोडा जोर धरतो. म्हणून मेमध्ये बडोद्यात दुपारचा उतार पहाटेच्या उतारापेक्षा स्पष्ट खोल असतो. पोर्ट ब्लेअरला दोन उतारांत एवढा फरक नसतो.

समुद्रावर या भरतीचा परिणाम किती? दाब एक मिलिबारने कमी झाला तर पाणी एक सेंटिमीटर वर यायला पाहतं. म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर, आणि पोर्ट ब्लेअरला चंद्र-सूर्याची मोठी भरती असते दोनेक मीटरची. त्यात हे कुठच्या कुठे बुडून जातं. पण वादळात दाब शंभर मिलिबार घसरला तर हाच हिशेब एक मीटरवर जातो, आणि त्यावर वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो ते वेगळंच. 1999 च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात मध्यभागी दाब 912 मिलिबारपर्यंत उतरला होता.

मग खरं वादळ ओळखायचं कसं? उष्ण कटिबंधातल्या खलाशांचा जुना नियम याच ठेक्यावर उभा आहे. आत्ताचा आकडा सकाळच्या आकड्याशी ताडायचा नाही. रोजची भरती-ओहोटी वजा करायची आणि उरलेला आकडा त्या ऋतूच्या सरासरीशी ताडायचा. तीन मिलिबार कमी भरला तर संशय घ्यायचा, पाच कमी भरला तर वादळ जवळ आहे असं धरूनच चालायचं. आज हे काम हवामान खातं उपग्रह आणि रडारच्या मदतीने करतं, समुद्राच्या लाटांचे इशारे हैदराबादची इन्कॉइस संस्था देते, आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की मच्छीमार होड्या वर ओढतात. कुणाच्या मोबाइलचा स्क्रीनशॉट पाहून नव्हे. आपल्याकडे 2024 च्या ऑगस्टअखेर बडोद्यातल्या विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा गुजरातवरून खोल कमी दाबाचा पट्टा सरकत होता, त्याचंच पुढे अरबी समुद्रात असना चक्रीवादळ झालं. त्या दिवसांत आमच्या भिंतीवरचा काटा सकाळी चढायचा, दुपारी उतरायचा, पण सगळाच नाच रोजच्या जागेच्या खाली चालला होता.

मोबाइलमध्ये दाबमापक असेल तर एक दिवस स्वतः नोंदी घ्या. फोन एकाच मजल्यावर राहिला पाहिजे, कारण साडेआठ मीटर वर चढलं की एक मिलिबार जातो. तळमजल्यावरून आठव्या मजल्यावर जाणं म्हणजे अख्खी ओहोटी.

बहिणीने आणि मी जूनच्या पहिल्या रविवारी हेच केलं. तिच्याकडे पावसाळा लागला होता, इथे आकाश कोरडं होतं. दर पंधरा मिनिटांनी दोघांनी आकडे पाठवायचे असं ठरलं. सूर्य तिच्या माथ्यावर आमच्याआधी येतो. ती 92.7 रेखांशावर, मी 73.2 वर, अंतर साडेएकोणीस अंशांचं, अंशाला चार मिनिटं, म्हणजे 78 मिनिटं. घड्याळ मात्र दोघांचं एकच. सव्वानऊनंतर तिचा आकडा थबकला. साडेनऊला तिने लिहिलं, “दादा, उतरायला लागला.” माझा तेव्हा चढत होता. पावणेदहालाही चढत होता, सव्वादहालाही. साडेदहाच्या पुढे एका नोंदीत तो हलला नाही, आणि त्यानंतरच्या नोंदीत खाली आला. मी टिचकी मारून भिंतीवरच्या पितळी यंत्रातही पाहिलं. तिथला काटाही उतरला होता.